कॉलरवाली

तामलवाडीच्या बाहेर हायवेला लागून एक पत्र्याचं लांबलचक शेड आहे. पूर्वी तिथं कांदा साठवायचे. मग सोलापूरच्या एका शेठनं ते भाड्यानं घेतलं, आत शिलाईच्या मशीनी मांडल्या आणि शाळेचे गणवेश शिवायला सुरुवात केली. गावातल्या बाया त्याला कंपनी म्हणू लागल्या. मीही म्हणू लागले. ‘कंपनीत चालले’ असं सांगताना सुरुवातीला मान जरा ताठ व्हायची, हे खोटं नाही.

मी या गावची सून. घरी कोरडवाहू रान, नवऱ्याचा टेंपो, सासूबाई आणि शाळेत जाणारी दोन मुलं. चूल अडली म्हणून मी कंपनीत गेले नाही. मला शिवता येत होतं म्हणून गेले. माहेरी आईची पायमशीन होती, तिच्यावर लहानपणापासून हात बसला होता. लग्नानंतर गल्लीतल्या बायांचे ब्लाउज शिवून देत होते, पण त्यात जीव रमत नव्हता. मला मोठं काम पाहिजे होतं.

पहिल्यांदा मला धागे तोडायला बसवलं. शिवून आलेल्या शर्टाचे लोंबणारे धागे कात्रीनं छाटायचे, बस्स. मग बटणं. मग एकदा कॉलर करणारी बाई लेकीच्या बाळंतपणाला गेली ती परत आलीच नाही, आणि कटिंगचे चाचा, म्हणजे कापड बेतून कापणारे आमचे म्हातारे मास्तर, मशीनींच्या रांगेतून चालत येऊन माझ्यापुढं उभे राहिले.

“कॉलर करशील का गं?”

“केली नाही कधी.”

“केली न्हाई तर काय, म्या बी जन्मताना शिकून आलो नव्हतो. बस.”

शर्टात सगळ्यात अवघड काय, तर कॉलर. बाही थोडी इकडंतिकडं झाली तर कुणी बघत नाही. कॉलर मात्र माणसाच्या तोंडाखालीच असते. तिची दोन टोकं सारखी यावी लागतात, आतलं बकरम, म्हणजे कडक अस्तर, चुरगळता कामा नये, आणि गळ्याला जोडताना ती मधोमध यावी लागते, नाहीतर अख्खा शर्ट एका खांद्याकडं ओढ घेतो. त्या संध्याकाळी घरी जाऊन मी नवऱ्याचा जुना शर्ट काढला, कॉलर टाका टाका उसवली, परत शिवली, परत उसवली.

“माझा शर्ट मेला का?” नवऱ्यानं विचारलं.

“मेला, पण कामाला आला,” मी म्हटलं.

थोड्याच दिवसांत कॉलर माझ्या हाताला बसली, आणि नंतर तर अशी बसली की चाचा बाहेरून कुणी आलं की माझा शर्ट उचलून दाखवायचे. “हे टोक बघा. काट्यासारखं हाय का न्हाई?” शाळांचे लोक माल बघायला यायचे, तेही मान डोलवायचे. गावात मला कॉलरवाली म्हणू लागले. मला ते आवडायचं.

माझ्या शेजारच्या मशीनवर खिसे लावायला एक बाई बसायची. वयानं माझ्याहून लहान, मला आक्का म्हणायची. तिचं माहेर मेंढरांमागं फिरणारं. लहानपणी ती बापाबरोबर आठवडी बाजारात बकरी विकायला उभी राहिलेली. जनावरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवतात, शेजारच्याला कळू नये म्हणून. तिचा बाप म्हणे तो रुमाल हातानं बाजूला सारायचा आणि भाव चारचौघांत खणखणीत सांगायचा. लेकीनं ते उचललं होतं. कंपनीत कुणाला काय मिळतं हे कुणी कुणाला सांगत नसे, तेव्हा ती जेवताना डबा उघडत म्हणायची, “हितं बी समदं रुमालाखालीच चालतंय बघ आक्का.” आम्ही रोज एकत्र जेवायचो. तिची शेंगदाण्याची चटणी आणि माझी भाकरी, असा आमचा संसार होता.

मी मात्र वेगळ्या घरात वाढले होते. आमच्याकडं शिकवण अशी की आपण मान खाली घालून काम करावं, बघणारे बघतात. माझे वडील दुसऱ्याच्या बांधावर काम करतानाही तण मुळासकट काढायचे. ‘काम बोलतं, माणसानं बोलू नये,’ असं ते म्हणायचे. मी ते गाठीला बांधलं होतं.

काम खरंच बोलत होतं. पण ते काय बोलत होतं हे कळायला मला वेळ लागला. ते म्हणत होतं, हिच्याकडं अजून काम द्या. अवघड कापडाचा माल आला की माझ्या पुढ्यात. दुसऱ्या कुणी कॉलर बिघडवली की उसवायला माझ्याकडं. सुई मोडली, धागा अडकला, नव्या पोरीला रडू आलं, दोघींचं भांडण लागलं, सगळं माझ्याकडं. कौतुकही माझ्याकडंच, ते नाही म्हणत नाही. पण दिवाळीला सगळ्यांना सारखाच स्टीलचा डबा. अर्धा दिवस पाण्याच्या टाकीपाशी उभ्या राहणाऱ्या बाईच्या हातातला डबा आणि माझ्या हातातला डबा, दोन्ही एकाच मापाचे. घरी आल्यावर सासूबाईंनी डब्याचं झाकण लावून बघितलं आणि म्हणाल्या, “चांगलं घट्ट बसतंया.” मी तो फळीवर ठेवून दिला. पण त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, की कामाचं बोलणं कुणाला ऐकू जातंय का, हे तपासलं पाहिजे.

मग आमचा सुपरवायझर पुण्याला नोकरी लागली म्हणून गेला. जागा रिकामी झाली. सुपरवायझरनं काय करायचं, तर कुठला माल आधी घ्यायचा ते ठरवायचं, कुणाला कुठं बसवायचं ते बघायचं, बाया सांभाळायच्या, ट्रक वेळेवर भरून द्यायचा. यातलं निम्मं काम मी तशीही करतच होते. सगळ्यांनी गृहीत धरलं की आता आक्काच. चाचा येता जाता हसून म्हणायचे, “आता तुझा नंबर.” मीही मनात गृहीत धरलं. कुणाला काही बोलले नाही. फक्त येताना साडी जरा नीट नेसून येऊ लागले.

शेठ आले त्या दिवशी शेडच्या कोपऱ्यातल्या काचेच्या केबिनमध्ये बसले. चाचा बाहेर आले. माझ्याकडं बघितलं, आणि नजर वळवून माझ्या शेजारणीला म्हणाले, “तुला बोलावलंय.”

ती आत गेली. काचेतून दिसत होतं, ती उभी राहून बोलत होती, शेठ मान हलवत होते. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता. चाचांनी टाळी वाजवून मशीनी थांबवल्या आणि सांगितलं की आजपासून ही सुपरवायझर. मशीनी थांबल्यावर हायवेवरच्या गाड्यांचा आवाज आत येतो, तो त्या दिवशी फार मोठा वाटला. बाया तिच्याकडं बघायच्या सोडून माझ्याकडं बघत होत्या. मी सुईत धागा ओवला आणि मशीन चालू केली.

जेवायच्या सुट्टीत मी डबा घेऊन मागच्या दारात जाऊन बसले. ती आली नाही. बरं केलं.

संध्याकाळी सुटल्यावर मी हायवेच्या कडेनं घराकडं चालू लागले. नवरात्र जवळ आलं होतं. तुळजापूरला पायी जाणाऱ्यांसाठी रस्त्याकडेला मांडव घालायचं काम चाललं होतं. मागून तिच्या चपलांचा आवाज आला. मी चाल वाढवली. तिनंही वाढवली. शेवटी धापा टाकत ती माझ्या पुढं येऊन उभी राहिली.

“आक्का, शिव्या दे, पण बोल.”

“काय बोलू? तू मोठी झालीस. चांगलं झालं.”

“म्या मागितलं, आक्का. मागल्या बाजारच्या दिवशी शेठ आले तवा त्यांच्या गाडीपाशी गेले आन् म्हणलं, ही जागा मला द्या. तू मागितलंस का?”

मी मांडवाच्या बांबूंकडं बघू लागले.

“म्या शेठला विचारलं बी. म्हणलं, आक्का हाय की, तिला का न्हाय? तर म्हणले, ती उठली तर कॉलर कोण करंल? तिला हलवून चालत न्हाय.” तिनं माझा दंड धरला. “तू लई चांगलं काम करतीस म्हणून तुला तितंच बांधून ठिवलंय. बकरं कितीबी चांगलं असू दे आक्का, दावणीलाच उभं राह्यलं तर गिऱ्हाईक घरला चालत येत नसतंय.”

“म्हणजे मी बकरं का?”

“समदीच हावोत की. फरक येवढाच, की म्या माझा भाव म्या सांगते.”

मला राग आला. ती खरं बोलत होती म्हणून जास्त आला. मी तिचा हात सोडवून घेतला आणि घरी आले.

नवऱ्याला सांगितलं. तो टेंपोचं चाक बदलत होता. “जाऊ दे. देव बघतोय,” तो म्हणाला.

“देवाला कॉलर कळत नाही,” मी म्हटलं.

तो हसला. मला हसू आलं नाही. मी स्वयंपाक करताना सारखी तेच ऐकत होते. तिला हलवून चालत नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं, मी जितकी चांगली होत जाईन तितकी वर जाईन. आणि मी जितकी चांगली झाले तितकी जागच्या जागी घट्ट बसत गेले होते, चांगल्या शिवलेल्या बटणासारखी. यात शेठचा कावा नव्हता. त्याच्या जागी बसलेल्या कुणालाही तेच सुचलं असतं. चाललेली गोष्ट कोण कशाला हलवेल? हलायचं असेल तर ते मलाच करायला पाहिजे होतं.

नवरात्र होऊन गेलं. त्या दिवसांत मी तिच्याशी कामापुरतं बोलत होते. ती मात्र रोज दुपारी चटणीची पुडी माझ्या मशीनवर ठेवून जायची. एके दिवशी मी ती उघडून खाल्ली, आणि त्याच दुपारी शेठच्या केबिनचं दार उघडलं. आत जाऊन खुर्चीवर बसले. खुर्चीवर बसायचं मी आधीच ठरवलं होतं. उभं राहून मागितलं की विनंती वाटते.

“बोला ताई.”

“शेठ, उद्या मला काही झालं तर कॉलर कोण करेल?”

शेठ दचकले. “असं काय बोलताय?”

“तुम्ही कामाचं माणूस, म्हणून कामाचंच विचारते. अख्खा माल माझ्या एका हातावर अडलाय. मी तापानं पडले की तुमचा ट्रक उभा. मी तीन बायांना कॉलर शिकवते. माझ्यासारखी. पण शिकवणं हे पण काम आहे, त्याचे मला वेगळे मिळाले पाहिजेत. आणि त्या तयार झाल्या की मला कॉलरवरून उठवून माझ्या लायकीचं काम द्यायचं.”

शेठनी चहाचा कप खाली ठेवला. “ताई, तुमच्या भल्याचं सांगतो. तुम्ही शिकवलं तर तुमचीच किंमत कमी होईल. आज तुमच्यासारखी दुसरी नाही.”

“दुसरी नाही म्हणून तर मी अडकलेय.”

त्यांनी कप परत उचलला. मग म्हणाले, “बघू.”

“‘बघू’ नको शेठ. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. नाही म्हणालात तरी मी उद्या येऊन कॉलरच करणार आहे. पण बाकीची निस्तरानिस्तर करणार नाही. उसवायचं आलं तर ज्यानं बिघडवलं त्यानं उसवायचं.”

मी आवाज चढवला नव्हता. शेठही चिडले नाहीत. दाराबाहेर माझी शेजारीण हातात कापडाचा गठ्ठा घेऊन उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. ती सरळ आत आली आणि म्हणाली, “शेठ, माल उशिरा गेला तर जिम्मेदारी माझी. शिकवू द्या तिला.” शेठ दोघींकडं बघून हसले. “तुम्ही ठरवूनच आलात की काय?” आम्ही ठरवलं नव्हतं. पण नाही असंही कुणी म्हणालं नाही. शेठनी माझ्या दोन्ही मागण्यांना हो म्हटलं.

शिकवायला सुरुवात केली तेव्हा गावातल्या बाया मला नदीवर, देवळात, गिरणीत, दिसेल तिथं अडवून सांगायच्या, ‘आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतीस.’ सासूबाईही म्हणाल्या, “हातातली कला अशी वाटत असत्यात व्हय?” मी ऐकून घ्यायची.

तिघींपैकी दोघी लवकर धरत गेल्या. तिसरी डावखुरी होती. चाचांनी आधीच सांगून टाकलं होतं, “ही न्हाई शिकायची. मशीन उजव्या हाताचं असतं.” ती बिचारी माझ्या शेजारी बसून माझे हात बघायची आणि करायला गेली की सगळं उलटं व्हायचं. कॉलर वळायची, बकरम चुरगळायचं. तिचे डोळे भरून यायचे, मग मलाही सुचेना. एके दिवशी घरी मी मुलीची वेणी घालत होते आणि ती आरशात बघून स्वतःची बट धरत होती. मी हात थांबवून बघत राहिले. दुसऱ्या दिवशी मी डावखुरीला शेजारी न बसवता समोर बसवलं, माझ्या मशीनच्या पलीकडं, आरशासारखी. “माझ्याकडं बघ आणि तुला जसं समोर दिसतंय तसं कर.” कापड फिरवायची दिशाच बदलून टाकली. सुरुवातीला हळूहळू, मग भरभर तिची कॉलर येऊ लागली. पहिली नीट कॉलर तयार झाली तेव्हा तिनं ती चाचांच्या पुढ्यात नेऊन ठेवली. चाचांनी चष्मा वर केला, टोकाला बोट लावलं, आणि म्हणाले, “माशाल्ला. माझं चुकलं.” शेडमधल्या सगळ्या बाया हसल्या, चाचाही हसले. माझ्या स्वतःच्या पहिल्या कॉलरचा आनंद मला आठवत नाही. हिच्या पहिल्या कॉलरचा मात्र अजून आठवतो.

त्याच दिवसांत मी माझ्या शेजारणीचं काम जवळून बघितलं, आणि एक गोष्ट मान्य करायला मला काही कमीपणा वाटत नाही. ती त्या जागेवर माझ्यापेक्षा बरी होती. शिकणाऱ्यांमुळं माल कमी निघू लागला, शेठ फोनवर तिच्यावर ओरडायचे, आणि ती शांतपणे म्हणायची, “व्हय शेठ, कळतंय. पण घाई केली तर समदं उसवावं लागंल. तुमी ठरवा.” एकदा कापड घेऊन आलेला ट्रक तिनं दारातूनच परत पाठवला, कारण गठ्ठ्यातलं कापड दोन रंगांचं होतं. मी असते तर माल उतरवून घेतला असता आणि रात्र रात्र जागून रंग जुळवत बसले असते. कष्ट माझे जास्त झाले असते, काम तिचं चांगलं झालं होतं. तोवर मला या दोन गोष्टी एकच वाटत होत्या.

शाळा सुरू व्हायच्या आत सगळा माल गेला. तिघी कॉलर करत होत्या. मग दरवर्षीसारखे कंपनीत काम कमी असायचे दिवस आले. एका सकाळी मी शेडमध्ये आले तर माझ्या मशीनवर डावखुरी बसलेली. तिला बिचारीला तिथं बसायला सांगितलं होतं. ती उठू लागली. मी म्हटलं, “बस बस.” पण मला बसायला जागा नव्हती. चाचा इकडंतिकडं बघत म्हणाले, “तवर धागे तोड.”

मी धाग्यांच्या टेबलावर जाऊन बसले. जिथून सुरुवात केली होती तिथंच. हातात तीच छोटी कात्री. गावातल्या बायांचा धोंडा मला आठवला, आणि खरं सांगायचं तर तो आठवडा वाईट गेला. शेठचा ‘बघू’ परत सुरू झाला होता. फोन केला की ‘जरा थांबा ताई’. घरी मी कुणाशी धड बोलत नव्हते. पण एक गोष्ट पहिल्यासारखी नव्हती. पहिल्या वेळी मी वाट बघत बसले होते. आता मी कुणी बोलवायची वाट बघणार नव्हते.

शेठ आले त्या दिवशी मी कात्री टेबलावर ठेवली आणि सरळ केबिनमध्ये जाऊन खुर्चीवर बसले.

“माझं काम झालंय शेठ. तुमचं राहिलंय.”

शेठनी कपाळ चोळलं. मग जे सांगितलं ते माझ्या ध्यानीमनी नव्हतं. भूमला एक जागा भाड्यानं मिळत होती. त्या बाजूच्या शाळांचं काम मिळायची शक्यता होती. कामाला यायला बाया तयार होत्या, पण शिवायचं माहीत असलेली एकही नव्हती. “मशीनी मी नेऊन टाकीन. पण शिकवणार कोण, हा विचार करत होतो. तुम्हाला संसार सोडून तिकडं जा असं कसं सांगायचं, म्हणून बोललो नाही.”

“ते माझं मी ठरवीन. तुम्ही काम सांगा.”

“सगळंच. बाया घेणं, शिकवणं, माल काढणं. तिथं तुमच्या वर कोणी नाही.”

मी म्हटलं, “पगार चारचौघींत सांगायचा. माझाही आणि तिथं येईल त्या प्रत्येकीचाही. अवघड कामाचा दर जास्त, आणि तो का जास्त हे सगळ्यांना माहीत पाहिजे.”

शेठ यावर बराच वेळ अडले. इथल्या बाया विचारतील, म्हणाले. मी म्हटलं, “विचारू दे.” शेवटी भूमपुरतं त्यांनी मान्य केलं. तामलवाडीचं नाही केलं. तिथं आजही बरंचसं रुमालाखालीच आहे, आणि माझी शेजारीण त्यासाठी अजून भांडते. एका माणसानं सगळं एकदम होत नाही.

घरी सांगितलं तेव्हा मुलांनी विचारलं, रोज घरी येशील ना? भूम म्हणजे जिल्ह्याचं पार दुसरं टोक, रोज येऊन जाऊन होण्यासारखं नाही. आठवडाभर तिकडं राहायचं, सुट्टीला यायचं. नवऱ्यानं लगेच हो म्हटलं नाही, आणि मी त्याला घाई केली नाही. सासूबाई लसूण सोलत बसल्या होत्या. डोकं वर न करता म्हणाल्या, “जाऊ दे तिला. मला अजून भाकरी करता येत्यात. आन् तुला बी शिकता यील.” शेवटचं वाक्य नवऱ्यासाठी होतं. तो शिकलाही. त्याची भाकरी अजून गोल येत नाही, पण मुलं जेवतात.

भूमला पहिल्यांदा एसटीतून उतरले तेव्हा बाजाराचा दिवस होता. इकडची जमीन आमच्या बाजूपेक्षा कोरडी, माणसं बोलायला मोकळी. खव्याच्या भट्ट्यांचा वास गावाबाहेरूनच लागतो. पहिल्या दिवशी ज्या बाया आल्या त्यांतल्या निम्म्यांनी मशीनला हातही लावला नव्हता. एकीनं विचारलं, “काकू, हितं मरमर काम केल्यावर कायतरी हाती लागतं का, का नुसतंच?”

मी तिला खोटं सांगितलं नाही. माझी स्वतःची कितीतरी वर्षं अशी गेलीत की ज्यांचं मला कौतुकापलीकडं काही मिळालं नाही, आणि आता ते कुणी देणारही नाही. मी म्हटलं, “लागतं. पण आपोआप लागत नाही. काम चांगलं करायचं, ते दुसरीला शिकवायचं, आणि तोंड उघडून मागायचं. यातलं एक जरी सोडलं तरी फळ दुसऱ्याच्याच ताटात पडतं.”

“आन् मागूनबी न्हाय दिलं तर?”

“तर परत मागायचं. तरी नाही दिलं तर दुसरीकडं जायचं. चांगला हात कुठंही चालतो. फक्त तो हात आपला आहे हे आपल्याला माहीत पाहिजे.”

ती बाई आता माझ्याकडं बाह्या लावते. चलाख आहे. मध्यंतरी सगळ्यांसमोर तिनं मला म्हटलं, की बाहीचा दर कॉलरच्या बरोबरीचा पाहिजे, कारण बाहीला कापड जास्त फिरवावं लागतं. मला आधी रागच आला. कॉलरवालीसमोर असलं बोलते! मग मी तिच्या मशीनवर बसून दिवसभर बाह्या लावून बघितल्या. बरोबरीचा नाही दिला, पण वाढवला, आणि का तेवढाच वाढवला ते सगळ्यांना सांगितलं. तिला ते पूर्ण पटलेलं नाही. ती परत मागणार आहे, तसं तिनं सांगूनच ठेवलंय.

सोलापूरहून आणखी मशीनी घेऊन माझ्याच नवऱ्याचा टेंपो उद्या येतोय. मागची खोली अजून रिकामी करायची आहे, फरशी एका बाजूला खचलीय ती सारखी करून घ्यायची आहे, नाहीतर मशीनी हलतात आणि टाका वाकडा पडतो. गवंड्याला बोलावलंय. तो येतो येतो म्हणतोय, येत नाही. आता त्याच्या घरीच जाते.